निघोजच्या कुंडांवर, घड्याळ घेऊन

फक्कीची पांढरी रेघ कातळावरून वाकडीतिकडी गेली आहे. रेघेच्या अलीकडे नववी अ ची एकतीस मुलं, पलीकडे कुकडी नदी आणि बरोबर रेघेवर, पाय फाकून, पाठीला सॅक अडकवलेले आमचे विज्ञानाचे सर.

"रेघ ओलांडली की सहल तिथंच संपली. एकट्याची नाही, सगळ्यांची," सर सांगतात. आवाज चढवत नाहीत. मुलं माना डोलावतात. मीही डोलावते.

खरं तर मी मराठीची बाई. मुलींबरोबर एक बाई हवी, या नियमापोटी आले आहे. पण मिनीबसमधून उतरताच सरांनी माझ्या हातात एक स्टॉपवॉच ठेवलं. खेळाच्या तासाचं, निळ्या दोरीचं. काम सोपं आहे. सरांनी प्रश्न विचारून तोंड मिटलं की बटण दाबायचं. कुणीही बोललं, मूल किंवा सर स्वतः, की पुन्हा दाबायचं आणि आकडा वहीत मांडायचा. मूल बोलून थांबलं तरी हेच. सरांनी पीएच.डी.ला नाव घातलंय, विज्ञान शिक्षणात, त्यातला हा भाग.

"पण तुम्ही रेकॉर्डिंग करताय ना?" मी त्यांच्या कॉलरला लावलेल्या माइकच्या काळ्या बोंडाकडे बघत विचारते. "त्यावरून मोजता येईल की."

"येईल. मोजणारच आहे. पण तुम्ही घड्याळ धरून समोर उभ्या राहिलात की माझं तोंड आपोआप मिटतं, बाई. घड्याळ त्यासाठी आहे."

फेब्रुवारीतली सकाळ आहे. पाणी नदीच्या मधल्या खोल चरात, काळंशार, जवळजवळ न हलणारं. धरणातून आवर्तन सुटलं की वेगळं. आम्ही शिरूर तालुक्याच्या, टाकळी हाजीच्या बाजूला आहोत. समोर पारनेर तालुक्यातलं निघोज. मध्ये हा कातळ, एखाद्यानं रागारागानं चमच्यानं कोरून ठेवल्यासारखा. कुठं वाटीएवढा खळगा, कुठं उखळाएवढा, कुठं रांजण. मधली भिंत झिजून एकमेकांत घुसलेले दोन-दोन, तीन-तीन रांजण. आतली बाजू इतकी गुळगुळीत की हात फिरवताना कातळ वाटत नाही, पाणी पिऊन गार झालेला माठ वाटतो. आशियात असे कुठे नाहीत, असं इथं येणारा प्रत्येक जण सांगतो. सरांना हे वाक्य आवडत नाही. "मोजलेत कुणी?" एवढंच म्हणतात.

रेघेच्या अलीकडे एक कोरडा खळगा आहे, परातीएवढ्या तोंडाचा, गुडघाभर खोल. सर त्याच्या काठाशी उकिडवे बसतात. मुलं भोवती गोल करतात.

"काय दिसतंय?"

"रांजणखळगा!" एकतीस गळ्यांचा एक आवाज. माझं बटण अर्ध्यावरच राहतं.

"नाव नको. दिसतंय काय ते सांगा."

हे त्यांचं जुनं खूळ आहे. शाळेत यायच्या आधी हा माणूस अकरा वर्षं बोअरच्या गाडीमागे फिरला. फर्ग्युसनमधून भूशास्त्र, मग विहिरी आणि बोअरचे सल्ले. गाडी खाली जात राहते, वर चुरा पडत राहतो आणि भूशास्त्रवाला त्या चुऱ्याचे ढीग ओळीनं लावून लिहीत जातो: रंग, दाणा, ओल, कडकपणा. नाव सगळ्यांत शेवटी. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरूचा लाल पट्टा. नाव आधी लिहिलं की डोळे बंद होतात, असं ते म्हणतात. ते दिवस सोडून शाळेत का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. एका शेतकऱ्याला त्यांनी बोअर घेऊ नका म्हणून बजावलं होतं. तो ऐकत होता, मान हलवत होता. आणि दुसऱ्या दिवशी पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवला तिथं गाडी लागली. तीनशे फूट कोरडा धुरळा. "दगडाबद्दल माझं बरोबर होतं. माणसाला सांगायची माझी रीत चुकली होती," एवढंच उत्तर. पदवीला रसायन होतं, म्हणून बी.एड. करून विज्ञानाचे सर होता आलं.

"गोल आहे," एक मुलगी म्हणते. "तोंड लहान आणि पोट मोठं." "खाली वाळू आहे." "आतनं गुळगुळीत, बाहेरनं खरबरीत." आता वर्णनं यायला लागतात. एकाला भिंतीत पांढरे ठिपके दिसतात, "खडीसाखरेसारखे". सर त्याला भिंग देतात. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे, नंतर त्यांत पाझरत्या पाण्यानं आणून बसवलेली खनिजं. हे सर सांगत नाहीत, मीच सांगते आहे, कारण मला मागच्या वर्षी सांगितलं होतं. हातोडी सॅकमध्ये आहे, पण इथल्या कातळावर ती उगारायची नाही, हे बसमध्येच ठरलंय.

"हा झाला कसा?"

"नदीचं खननकार्य!" पुन्हा कोरस. ०.८ सेकंद.

"खनन म्हणजे?"

"खणणं!" ०.९.

"कशानं?"

बटण. एक. दोन. पलीकडच्या काठावर टिटवी ओरडते. तीन. माझ्याच घशात उत्तर आलंय, ते मी गिळते. चार.

"पाण्यानं," मागून एक जण पुटपुटतो. ४.६.

सर शाब्बास म्हणत नाहीत. नुसते त्याच्याकडे बघतात. पुन्हा बटण. मग तोच मुलगा, कुणी न विचारता, पुढे जातो: "पूर आल्यावर. जोरात असतंय तवा."

सर पाण्याची बाटली उघडून कातळावर धार धरतात. "हे घे पाणी. खण."

हशा. पण एक जण हसत नाही. "पाणी मऊ असतंय, सर. दगड कसा कापंल?" त्यावर दुसरी: "आमच्या विहिरीच्या काठाला दोरानं खाचा पडल्यात. दोर पण मऊच असतो की." आता ते सरांशी बोलत नाहीत, एकमेकांशी बोलतायत. मला कुठली शांतता मोजायची ते कळेनासं होतं. आकडे सोडून मी ऐकत राहते.

ही सेकंदांची भानगड मेरी बड रो या अमेरिकन बाईंची. १९७४ साली त्यांनी ती छापली. त्यांनी विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतो, मग स्वतःच बोलतो किंवा दुसऱ्याला उठवतो. मुलानं उत्तर दिल्यावरही तेच. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि न विचारता बोलणारी मुलं वाढतात. एवढंच. यात यंत्र नाही, अनुदान नाही. मी आठवीच्या कवितेच्या तासाला करून पाहिलं. तीन सेकंद किती लांब असतात हे फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. वाटतं, पगार फुकट घेतोय.

"सर," लाल स्वेटरवाला म्हणतो, "हे देवीनं केलेत."

दोघं-तिघं फिसकन हसतात. मळगंगेचं देऊळ काठावरच आहे, येताना आम्ही सगळेच पाया पडून आलोय, हसणारेही. मी सरांकडे बघते. आता एक तर विषय बदलतील, नाहीतर वैज्ञानिक दृष्टिकोनावर पाच मिनिटं.

"बरं. कशानं केले असतील?" सर विचारतात. थट्टेचा लवलेश नाही. बोअरचा चुरा हातात घेऊन विचारावं तसं.

बटण. मुलगा खाली बघतो. कान लाल झालेत. तीन. चार. तो पुढे सरकून खळग्याच्या काठावर पोटावर पालथा होतो, हात आत घालतो. सहा. सात.

"आत गोटे हायेत, सर."

७.२.

तो एकेक बाहेर काढतो. लिंबाएवढे, बटाट्याएवढे, एक तर अगदी अंड्यासारखा. सर त्यातला एक घेऊन जिभेनं ओला करतात. मुलींचा "ईऽऽ" निघतो. ओल्या दगडात दाणे दिसतात, कोरड्यात दिसत नाहीत. जगभरचे भूशास्त्रवाले दगड चाटतात, हे मलाही यांच्यामुळेच कळलं. मग गोटा हातोहात फिरतो. कोपरा कुठंच नाही. आजूबाजूला कातळाचे जे तुकडे पडलेत ते सगळे कंगोऱ्याचे. गोल फक्त खळग्यातले.

आता पुढची ओळ एखाद्या पाठ्यपुस्तकासारखी यावी: म्हणून भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी हा खळगा घासून काढला. येत नाही. सर गप्प आहेत. एक किरकोळ मुलगी, वर्गात जिचा आवाज मी वर्षभरात चारदा ऐकला असेल, गोटा खळग्यात टाकून तळाशी हातानं गोल फिरवते. वाळूवर घर्र, घर्र.

"जातं," ती म्हणते.

बटण. सर काहीच बोलत नाहीत. पाच. सहा. मला वाटतं झालं, आलं की उत्तर, आता टाळ्या वाजवा आणि पुढं चला. आठ. ती गोटा फिरवत राहते.

"पण सर, जात्याला टाकी लावायला लागती."

९.४. सर मान हलवतात. पुन्हा शांतता, ही मी मोजायची विसरते.

"आमची आज्जी म्हणती, दोन्ही तळ्या झिजत्यात. खालची पण अन् वरची पण. मग हा गोटा पण झिजणार. झिजून झिजून संपून जाणार."

"मग?" हा माझा आवाज. मोजणाऱ्यानं बोलायचं नसतं.

"मग खळगा थांबणार. दुसरा गोटा येईस्तोवर."

लाल स्वेटरवाला नदीच्या वरच्या अंगाला बघतो. "पुरात येतंय की. लई येत्यात."

मी वहीत ९.४ लिहिते आणि पुढं काय लिहावं ते सुचत नाही. मी स्वतः या कुंडांवर लहानपणापासून येतेय. अवजारही झिजतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

साडेबाराला झाडाखाली भाकरी. कुणी कुठं बसायचं, मुतारी कुठं, खाऊ कधी, हे सगळं मुलांना चार दिवस आधीच ठाऊक आहे. जागेचे फोटो वर्गात लागले होते. पाण्याच्या बाटलीत वाळू घालून गरगर फिरवण्याचा खेळही होऊन गेलाय. दोन वर्षांपूर्वीची सहल मला आठवते: पोरं दिवसभर भेळेची गाडी शोधत होती, आणि सर एकटेच कातळाशी बोलत होते. नंतर त्यांनी इस्राएलच्या वाइझमन संस्थेतले नीर ओरिऑन वाचले. मूळचा प्रश्न असा की क्षेत्रभेटीत मुलं शिकतात कधी. ओरिऑन यांचं म्हणणं, जागा नवी, काम नवं आणि दिवस कसा जाणार हेही ठाऊक नाही, असं तिन्ही एकदम अंगावर आलं की शिकायला डोकं शिल्लक राहत नाही. ते ओझं आधी उतरवा, मग न्या. आमच्या आया लग्नाला नेण्याआधी पोरांना "तिथं गेल्यावर हे मागायचं नाही" बजावत, त्यातही हेच असावं.

जेवण झाल्यावर सर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या वाटतात. प्रत्येक गटाला सात: येडगाव धरण, शिवरायांचा राज्याभिषेक, ज्ञानेश्वरी, अजिंठ्याची लेणी, डायनोसॉर संपले, हा कातळ झाला, हे खळगे पडले. आधी काय, नंतर काय, ओळ लावा. साल नको.

राज्याभिषेक आणि ज्ञानेश्वरी कुणाचंच चुकत नाही. महाराज हा मुलांचा मैलाचा दगड आहे. कुठल्याही गोष्टीला ती पहिल्यांदा हेच विचारतात: महाराजांच्या आधीची का नंतरची? त्यापलीकडे मात्र सगळं 'लई पूर्वी'. एका गटानं खळगे अजिंठ्याच्या नंतर ठेवलेत. मी हसू दाबते.

"का?" सर विचारतात. थांबतात.

"लेणी कोरायला छिन्नी लागती. छिन्नी निघाल्यावरच असलं कोरता येईल ना."

मला हसू दाबल्याची लाज वाटते. उत्तर चूक आहे, पण आतून सांधा जुळलेला आहे. सर हे उत्तर शब्दन् शब्द लिहून घेतात. त्यांचं खरं लक्ष मात्र दुसरीकडे आहे: सातपैकी पाच गटांनी 'कातळ झाला' आणि 'खळगे पडले' या चिठ्ठ्या एकमेकींना चिकटवून, एकाच जागी ठेवल्यात. "एकदमच झालं, सर. दगड असाच होता." हीच गाठ त्यांना सोडवायची आहे. कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाच लाख चौरस किलोमीटरभर पसरलेला हा दख्खनचा काळा पाषाण. खळगे त्याच्या कितीतरी नंतरचे, नदीनं वाट धरल्यावरचे, आणि पूर आला की आजही खोल होणारे. भांडं कधी घडलं आणि त्याला पोचा कधी पडला, हे दोन वेगळे प्रश्न. पण दिसताना दोन्ही एकत्रच दिसतात. सर आज कुणाचीही ओळ बदलत नाहीत. फोटो काढतात आणि चिठ्ठ्या गोळा करतात. हे बघवत नाही, चुकलेलं तसंच सोडून द्यायचं म्हणजे. माझ्या हातात लाल पेन असतं तर मी आवरले नसते.

तीन वाजता घोळ होतो. शेवटचा थांबा, रेघेजवळचे दोन मोठे रांजण, मधली भिंत फुटून एक झालेले. मिनीबसवाला वरून हॉर्न देतोय, त्याला पाचच्या आत दुसरं भाडं आहे. मुलं उन्हानं कंटाळलीत. सर विचारतात, "हे दोन एकमेकांत कसे गेले असतील?"

मी बटण दाबते.

हॉर्न.

आणि सर स्वतःच सुरू होतात. छान सांगतात. दोन्ही खळगे रुंदावत जातात, मधली भिंत पातळ होते, एक दिवस फुटते, मग पाणी दोन्हींतून मिळून वाहतं, असे खळगे जुळत जुळत नदीचा चर बनतो. हातवारे, उदाहरण, सगळं. दोन मिनिटं. मुलं वह्या काढून उतरवून घेतात, न सांगता. सगळं बरोबर आहे. माझ्या घड्याळात १.४ आहे. सरांची नजर त्यावर पडते तेव्हा त्यांचं वाक्य संपत आलेलं असतं.

संध्याकाळी साडेसहा. मुलं घरी पोचलीत, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा आहे, आणि आम्ही प्रयोगशाळेत टेबलावर मोबाइल ठेवून बसलोय. मला आकडे जुळवून द्यायचेत, तेवढं करून मी निघणार. सर मात्र सकाळचं काही लावतच नाहीत. जात्याचं नाही, छिन्नीचं नाही. थेट शेवटच्या थांब्यावर जातात.

वारा. हॉर्न. "हे दोन एकमेकांत कसे गेले असतील?" मग सरांचाच आवाज, भरघोस, "आता बघा," आणि त्या आवाजाच्या खाली काहीतरी.

"थांबा," मी म्हणते.

मागे नेतात. पुन्हा लावतात. खाली एक मुलगा बोलतोय. बारीक आवाज, दोन-चार शब्द. 'पाणी' आहे बहुतेक, किंवा 'आणि'. शेवटी 'दोघं' का 'दोन्ही'. सर कानात हेडफोन घालतात, मग मला देतात. पाच वेळा ऐकतो. सरांचा आवाज पुसता येत नाही. मुलगा कोण ते मला कळतं, आवाजावरून: सकाळी "पाणी मऊ असतंय" म्हणाला तो.

"सोमवारी विचारू या त्याला," मी सुचवते. "काय म्हणत होतास म्हणून."

"उपयोग नाही." सर हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळतात. "त्यानं वहीत माझं उत्तर उतरवून घेतलंय. आता तो तेच सांगेल."

शिपाई कुलपाची कडी वाजवतो. सर लॅपटॉपवरच्या तक्त्यात शेवटची ओळ भरतात. प्रश्न क्रमांक ४१. थांबण्याची वेळ: १.४. विद्यार्थ्याचे उत्तर, या रकान्यात ते क्षणभर कर्सर तसाच ठेवतात. मग टाइप करतात: ऐकू आलं नाही. शिक्षक बोलत होते.